आधी पाण्याची पारख, मग परसबाग

घराच्या पाठीमागे अथवा अंगणात चार वाफे करून घरापुरता भाजीपाला पिकवावा, हा विचार आता गावोगावी पोचला आहे. अंगणवाडीच्या आवारात, शाळेच्या कुंपणालगत आणि बचतगटांतील भगिनींच्या दारी परसबागा दिसू लागल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु यांपैकी ज्या बागा उन्हाळ्याच्या तोंडाशी मोडून जातात, त्यांच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. बी चांगले होते, शेणखत भरपूर घातले होते, पाणीही रोज दिले जात होते. तरी मेथी पिवळी पडली, घेवड्याच्या पानांच्या कडा करपल्या, मिरचीचे फूल टिकले नाही. अशा वेळी दोष बियाण्यास दिला जातो, खतास दिला जातो, फार तर नशिबास दिला जातो. ज्या पाण्यावर ते झाड रोज वाढविले, त्या पाण्याकडे मात्र कोणी बोट दाखवीत नाही.

पाण्याची परीक्षा करणे ही शास्त्रज्ञांची हौस नव्हे. ती परसबागेची पहिली पायरी आहे. ज्या गावी पाण्याची पारख न करता बियाण्यांची पाकिटे वाटली जातात, त्या गावी आपण लोकांच्या कष्टांचा अपव्यय करीत असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. मे महिन्यात दूरवरून हंडा वाहून आणणाऱ्या भगिनीस तिच्या पाण्याने झाड जगते की मरते, हे आधी सांगणे आपले कर्तव्य नव्हे काय?

सामू म्हणजे काय?

पाणी किंवा माती आंबट गुणाची आहे की खाऱ्या सोड्याच्या गुणाची आहे, हे ज्या आकड्याने सांगतात त्यास सामू म्हणतात. यालाच पुष्कळ लोक पीएच या नावाने ओळखतात. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन या शास्त्रज्ञाने सन १९०९ मध्ये ही मोजपट्टी प्रथम मांडली. ७ हा तिचा मध्य. त्याखालील पाणी आम्लधर्मी, त्यावरील पाणी विम्लधर्मी. या पट्टीवरील एकेक पायरी दहापटीची असते, हे ध्यानात ठेवावे. सामू ७ वरून ८ झाला म्हणजे विम्लता थोडीशी वाढली असे नव्हे, ती दहापट झाली.

बहुतेक भाजीपाल्यास ६ ते ७.५ सामूची माती मानवते. सामू ८ च्या वर गेला की मातीत लोह असूनही ते विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. जस्त व मंगल यांचीही तीच गत होते. अन्नाने भरलेल्या कोठाराला कुलूप लागावे, तशी ही अवस्था होय. त्या वेळी वरून आणखी खत घालणे म्हणजे कुलूप न काढता कोठारात आणखी पोती रचण्यासारखे आहे.

सामू एकटा पुरत नाही

हल्ली सामू मोजण्याच्या कागदी पट्ट्या व खिशात मावणारी यंत्रे बाजारात मिळतात. ती उपयुक्त आहेत. परंतु त्यांच्यामुळे एक नवाच गैरसमज पसरत आहे. सामूचा आकडा ठीक आला की पाणी ठीक, असे लोक समजू लागले आहेत. वास्तविक पाण्याविषयी तीन प्रश्न विचारावयास हवेत. सामू किती? विरघळलेले क्षार किती? आणि त्या क्षारांत सोडियम व बायकार्बोनेट यांचा वाटा किती?

पहिल्या प्रश्नापेक्षा पुढील दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. ज्या पाण्याचा सामू ८ आहे पण ज्यात बायकार्बोनेट अल्प आहे, असे पाणी मातीचा गुण फारसा पालटू शकत नाही. उलट ७.६ सामूचे पण बायकार्बोनेटने भरलेले पाणी दोन-तीन महिन्यांत कुंडीतील मातीचा सामू वर चढविते. पहिल्याचा आकडा मोठा, पण अंगी बळ नाही. दुसऱ्याचा आकडा लहान, पण मागे साठा मोठा. म्हणून केवळ सामू पाहून निर्णय देणे म्हणजे माणसाचा आवाज ऐकून त्याच्या ताकदीचा अंदाज बांधण्यासारखे होय.

क्षारांचे मोजमाप विद्युत वाहकतेवरून करतात. अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील क्षार प्रयोगशाळेने सन १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेली वर्गवारी आजही मार्गदर्शक आहे. वाहकता ०.२५ डेसिसायमनपर्यंत असेल तर पाणी उत्तम, ०.७५ पर्यंत चांगले, ०.७५ ते २.२५ पर्यंत काळजीने वापरावयाचे आणि त्यापुढे सर्वसाधारण पिकांस अयोग्य. तसेच कार्बोनेट व बायकार्बोनेट यांच्या बेरजेतून कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बेरीज वजा केली असता जे उरते, ते १.२५ मिलिइक्विव्हॅलंटच्या आत असावे. ते २.५ च्या वर गेल्यास त्या पाण्याने माती चोपण होण्याचा धोका असतो. प्रयोगशाळेच्या अहवालात हे आकडे असतात. गावपातळीवरील कार्यकर्त्याने ते वाचावयास शिकलेच पाहिजे.

या आकड्यांचा अर्थ साध्या हिशेबाने पाहू. १.५ डेसिसायमन वाहकतेच्या १ लिटर पाण्यात सुमारे ९६० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले असतात. कुंडीला रोज १ लिटर याप्रमाणे १०० दिवस असे पाणी दिले आणि तळाशी निचरा नसेल, तर त्या कुंडीत ९६ ग्रॅम क्षार साठतात. पाणी झाड पिते व ऊन उडवून नेते. क्षार मात्र जागचा हलत नाही. पाच मोठे चमचे भरून खार कुंडीत ओतण्यास कोणी तयार होणार नाही. थेंबाथेंबाने तोच खार घालताना मात्र आपल्याला काहीच वाटत नाही.

काही चुकीच्या समजुती

पहिली समजूत अशी की, जे पाणी पिण्यास चालते ते झाडास चालतेच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या घटकांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसल्यास ती २,००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतली जाते. २,००० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ३ डेसिसायमन वाहकता. नाइलाजाने माणूस हे पाणी पितो, परंतु घेवडा त्यावर तग धरू शकत नाही.

दुसरी समजूत अधिक घातक आहे. साबणास फेस चांगला येतो, डाळ लवकर शिजते, म्हणून पाणी चांगले, असे घरोघरी मानले जाते. ज्या पाण्यात कॅल्शियम कमी व सोडियम बायकार्बोनेट अधिक, त्या पाण्यातही डाळ लवकर शिजते व फेसही भरपूर येतो. परंतु तेच पाणी मातीचे कण विस्कटते. माती ओली असता चिकट व वाळली असता दगडासारखी होते आणि वरचे पाणी खाली मुरत नाही. याच्या उलट, ज्या जड पाण्यात डाळ शिजत नाही त्यातील कॅल्शियम मातीची घडण मोडीत नाही. स्वयंपाकघराची कसोटी बागेस लावू नये.

तिसरी समजूत अशी की, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी झाडास घातले म्हणजे बचत झाली. लिटरला १,००० मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी यंत्रात घालून निम्मे शुद्ध करून घेतले, तर उरलेल्या निम्म्या पाण्यात क्षार जवळजवळ दुप्पट होतात. मूळ पाणीच फार गोड असेल तर गोष्ट वेगळी. एरवी ते पाणी फरशी धुण्यास वापरावे, वाफ्यात सोडू नये. मिठाच्या साहाय्याने पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचे पाणीही बागेस देऊ नये, कारण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेले असते.

चौथी गोष्ट मोरीच्या पाण्याची. मोरीच्या पाण्यावर अळू व केळ वाढविण्याची आपली जुनी रीत उत्तम आहे. परंतु तेव्हा मोरीतून राखेचे व शिकेकाईचे पाणी येत असे, आता धुण्याच्या पुडीतील सोडा येतो. सबब कपडे धुतल्याचे पहिले फेसाळ पाणी बागेत सोडू नये. विसळल्याचे पाणी, तांदूळ व भाजी धुतल्याचे पाणी अवश्य वापरावे. मोरीचे पाणी अळू, केळ व नारळ यांनाच द्यावे, तेही पाळीपाळीने. कच्च्या खावयाच्या पालेभाजीस ते मुळीच देऊ नये.

एकच सल्ला सर्वत्र नको

महाराष्ट्राची भूमी एकसारखी नाही. कोकणातील जांभ्याची माती आम्लधर्मी आहे; तेथे चुलीतील राख किंवा चुना बेताने घातल्यास लाभ होतो. हीच राख देशावरील चुनखडीयुक्त काळ्या मातीत घातली तर आधीच चढलेला सामू आणखी चढतो. कोकणात खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होतात. तेथे दोष सामूचा नसून मिठाचा असतो आणि गंधक घालून मीठ जात नाही. मराठवाड्यात व देशावर पुष्कळ ठिकाणी विंधण विहिरी खोल खोल जात आहेत आणि त्यांच्या पाण्यात बायकार्बोनेट अधिक आढळते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात तर भूगर्भातील पाणीच खारट आहे. तेथील भगिनीस विहिरीच्या पाण्यावर बारमाही परसबाग करा, असे सांगणे हा तिच्यावर अन्याय आहे.

म्हणूनच मुंबई-पुण्यात छापलेले एकच पत्रक सगळ्या जिल्ह्यांत वाटण्याची पद्धत सोडावी. सल्ला विहिरीपरत्वे बदलला पाहिजे.

काही जण म्हणतील, आमच्या आजीने कधी पाणी तपासले नव्हते. तरी तिची परसबाग फुललेली असे. हे खरे आहे. परंतु आजीचे पाणी नदीचे, ओढ्याचे किंवा उथळ विहिरीचे होते. ते दर पावसाळ्यात ताजे होत असे. तिची झाडे जमिनीत होती, कुंडीत किंवा डब्यात नव्हती. जमीन थोरली असते, ती पुष्कळ दोष पोटात घालते. कुंडीतील पाच-दहा किलो मातीस ते सामर्थ्य नाही. पाणी बदलले, साबण बदलला, मातीची जागा बदलली. मग रीत तेवढी जुनी कशी चालेल?

लक्षणे ओळखावी

झाड आपले दुखणे सांगत असते, ते वाचता आले पाहिजे. शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी, पण त्यांच्या शिरा हिरव्या, असे दिसल्यास लोहाची उपासमार समजावी. गुलाब, लिंबू व जास्वंद यांवर हे लक्षण लवकर दिसते. जुन्या पानांची टोके व कडा करपल्यास क्षार साठले असे समजावे. कुंडीच्या बाहेरच्या अंगास किंवा मातीवर पांढरा थर येणे हीही त्याचीच खूण. भेंडीच्या पानांच्या शिराच पिवळ्या पडल्या असतील, तर तो पांढऱ्या माशीमुळे पसरणारा केवडा रोग होय. त्यात पाण्याचा दोष नाही आणि लोहाच्या फवाऱ्याने तो बरा होणार नाही. रोगट झाड उपटून नष्ट करावे. शिरा हिरव्या की पिवळ्या, एवढे पाहिले तरी पुष्कळ खर्च वाचतो.

उपाय कोणते करावे

सर्वांत मोठा उपाय निचऱ्याचा. सन १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला. पुढे त्या भागात पाणी अति झाले, निचरा कमी पडला आणि चांगल्या जमिनी क्षाराने वाया जाऊ लागल्या. सांगली-कोल्हापूरकडील कृष्णाकाठच्या उसाच्या जमिनींनीही तोच धडा दिला आहे. कुंडी म्हणजे लहानसे शेतच. तिच्या तळाला भोक असावे, खालच्या ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे आणि पाणी देताना तळातून थोडे बाहेर येईल इतके द्यावे, म्हणजे क्षार धुपून जातो. रोज शिंतोडे मारण्यापेक्षा एक दिवसाआड भरपूर पाणी देणे हितकर असते.

दुसरा उपाय पावसाच्या पाण्याचा. या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. ३० चौरस मीटर छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस झाल्यास १८,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी १४,४०० लिटर हाती येते. ते सर्व साठविणे प्रत्येकास जमणार नाही. परंतु २०० लिटरचे पिंप भरावयास साताठ मिलिमीटर पाऊस पुरतो. पहिल्या सरीचे धुळीचे पाणी सोडून द्यावे, पिंपावर घट्ट झाकण ठेवावे म्हणजे डास होणार नाहीत. हे पाणी निम्मे आणि विहिरीचे निम्मे मिसळले तरी क्षारांचा भार अर्ध्यावर येतो. कोवळ्या रोपांस मात्र निव्वळ पावसाचे पाणी राखून ठेवावे.

तिसरा उपाय पिकाच्या निवडीचा. घेवडा, गाजर, कांदा व मुळा ही पिके क्षारास हळवी आहेत. मिरची व कोबी त्यांहून किंचित धीट. पालक व टोमॅटो आणखी बरे, आणि बीट पुष्कळच सहन करते. मचूळ पाणी असलेल्या घरी घेवड्याचे बी देण्याऐवजी पालक व बीट यांचे बी द्यावे.

चौथा उपाय मातीचा. चांगले कुजलेले शेणखत व गांडूळखत सामूचे चढउतार आवरून धरते. सोडियम अधिक असल्यास जिप्सम उपयोगी पडते. चुनखडीच्या मातीत गंधक हळूहळू सामू उतरविते, परंतु त्याचे प्रमाण माती तपासल्यावरच ठरवावे. पाने पिवळी पडली असता १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस व थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारावे. चुनखडीच्या मातीत हिराकस टाकले तर ते लगेच बांधले जाते, म्हणून फवाराच बरा. हा उपचार तात्पुरता आहे, हे विसरू नये.

काही गोष्टी करूच नयेत. शिरका किंवा लिंबाचा रस पाण्यात मिसळून कुंडीत ओतल्याने सामू चार दिवस उतरतो, मग पुन्हा चढतो. क्षार तर तसाच राहतो. पाणी निवळण्याची तुरटी झाडांस घालू नये. आणि बॅटरीतील तेजाब बागेच्या कामी कोणी हाती धरू नये. त्याने झाडांचे व माणसांचेही नुकसान होते.

कार्यकर्त्यांकडून अपेक्षा

सन २०१५ मध्ये मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. तिच्यात मातीचे १२ गुण तपासले जातात. त्यात पाणी नाही. मातीची पत्रिका झाली, पाण्याची राहिली. पाणी हे मातीचे उद्याचे रूप ठरविणारे आहे, तेव्हा ही उणीव गावपातळीवरच भरून काढावयास हवी. त्यासाठी नवे कार्यालय नको. सन २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये पिण्याचे पाणी तपासण्यासाठी गावातील भगिनींना प्रशिक्षण व तपासणी-संच देण्याची व्यवस्था आहे. या संचातून सामू, विम्लता, कठीणपणा व क्लोराइड यांची माहिती मिळू शकते. तीच माहिती परसबागेस हवी आहे. पिण्याच्या पाण्याच्या नोंदी एका कपाटात आणि बियाण्यांची यादी दुसऱ्या कपाटात, असे का असावे? ही दोन कपाटे एकमेकांशी बोलतील, अशी व्यवस्था कार्यकर्त्यांनी करावी.

प्रत्येक गावी एक ‘पाण्याची वही’ असावी. तीत गावातील विहिरी, विंधण विहिरी व नळ यांची नोंद करून मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर नोव्हेंबरात असे वर्षातून दोनदा आकडे लिहावे. संचातील आकडे शंकास्पद वाटल्यास नमुना जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे न्यावा. नमुना घेताना पंप दहा-पंधरा मिनिटे चालू द्यावा, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळून काठोकाठ भरावी व घट्ट झाकावी. तेलाची किंवा औषधाची बाटली घेऊ नये. बाटलीवर नाव, गाव, पाण्याचा स्रोत, खोली व तारीख लिहून ती एक-दोन दिवसांत पोचती करावी.

बियाण्याचे पाकीट देण्याआधी पाण्याची बाटली मागावी, हा नियम यापुढे व्हावा. यात दिरंगाई होईल, लक्ष्य पूर्ण होण्यास उशीर लागेल, अशी तक्रार होईल. होऊ द्यावी. कागदावर शंभर बागा लागल्या आणि उन्हाळ्यात त्यांपैकी ऐंशी वाळल्या, तर त्या ऐंशी घरांतील भगिनी पुन्हा बी हाती घेणार नाहीत. याउलट वीसच बागा पाणी पाहून लावल्या आणि त्या वीसही जगल्या, तर शेजारची घरे आपण होऊन विचारावयास येतील. प्रसाराचे खरे काम तेथून सुरू होते.

शेतकरी बंधुभगिनींनो, आपणही कार्यकर्त्याची वाट पाहत बसू नये. येत्या मे महिन्यात आपल्या विहिरीचे पाणी बाटलीत भरावे व तपासून घ्यावे. अहवाल हाती आला की त्यातील सामू, वाहकता व बायकार्बोनेट हे तीन आकडे घराच्या दारामागे खडूने लिहून ठेवावे. काय लावावे, किती पाणी द्यावे आणि कशावर पैसा खर्च करू नये, याचा निर्णय त्या तीन आकड्यांवरून घ्यावा.